वाचक स्वतःच स्वतःला पटवतो: जाहिरात आणि कथा लिहायला बसलेल्यांसाठी

कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणं, शिकायला आलेल्यांना मी पहिल्या दिवशी एकच काम देते. कानाच्या मशीनची जाहिरात लिहा, वेळ अर्धा तास. अर्ध्या तासाने जे कागद हातात येतात त्यांत दर वेळी तेच शब्द असतात: ‘अत्याधुनिक डिजिटल तंत्रज्ञान’, ‘स्फटिकासारखा स्पष्ट आवाज’, ‘जीवनाचा आनंद पुन्हा अनुभवा’, आणि शेवटी ‘आजच संपर्क साधा’. यात खोटं काही नसतं. पण ज्याला कमी ऐकू येतं असा एकही माणूस हे वाचून थबकणार नाही, कारण यात तो स्वतः कुठेच नाही.

मग दुसरं काम देते. कमी ऐकू येणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसावर कथेचा पहिला परिच्छेद लिहा. तिथे येतं, ‘ते फार एकाकी झाले होते. जगाशी त्यांचा संवादच तुटला होता.’ दोन्ही कागदांना दुखणं एकच आहे. लिहिणाऱ्याने निष्कर्ष आधीच काढून ठेवलाय आणि आता तो वाचकाच्या हातात कोंबतोय.

पटवण्याचं मानसशास्त्र म्हटलं की नव्या लेखकांना युक्त्यांची यादी हवी असते. युक्त्या आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंही आहे. पण त्याआधी कणा समजायला हवा, म्हणून हे कानाचं मशीनच शेवटपर्यंत बरोबर घेऊन चालू. यातूनच एक जाहिरात आणि एका कथेची सुरुवात तयार करू.

आधी एवढं लक्षात घ्या

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. काळीज, मूत्रपिंड असे एरवी टाळले जाणारे अवयव लोकांनी घरी शिजवावेत अशी सरकारची इच्छा होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींचे गट केले. काही गटांना जाणकारांनी चांगलं व्याख्यान दिलं: पोषण, देशाची गरज, पाककृती, सगळं. उरलेल्या गटांत व्याख्यानाऐवजी चर्चा झाली. आपल्यासारख्या बायकांना हे करायचं झालं तर अडचणी काय येतील, हा चर्चेचा विषय. शेवटी ज्यांना करून बघायचंय त्यांनी हात वर केले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते मांस शिजवलं होतं. चर्चेत बसलेल्यांपैकी ३२ टक्के.

व्याख्यान वाईट नव्हतं. फरक इतकाच, की चर्चेतल्या बायका स्वतःच बोलत होत्या, स्वतःच अडचणी काढत होत्या आणि त्यांवर उपायही स्वतःच शोधत होत्या. पुढे १९६८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड यांनी हाच विचार नेमका मांडला: आपल्यावर परिणाम होतो तो ऐकलेल्या मुद्द्याचा कमी, आणि तो ऐकताना आपल्या मनात उमटलेल्या स्वतःच्या विचाराचा जास्त. याची दुसरी बाजू जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये दाखवली होती. आपली निवड कुणीतरी काढून घेतंय असं वाटलं की माणूस उलट्या दिशेने जातो. त्यांनी त्याला ‘रिअ‍ॅक्टन्स’ म्हटलं. लहान मुलाला ‘हात लावू नको’ म्हणून बघा, म्हणजे वेगळी व्याख्या लागणार नाही.

म्हणून माझं म्हणणं हे: वाचक स्वतःच स्वतःला पटवतो. आपण त्याला त्या विचाराच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडायचं. आत पाऊल त्याचं त्याने टाकायचं.

जाहिरात आणि कथा मी एकत्र का शिकवते, तेही सांगते. २००९ मध्ये रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन या दोघांनी जुन्या बाजारातून शंभरेक क्षुल्लक वस्तू जमवल्या. एकूण खर्च १२९ डॉलरच्या आसपास. प्रत्येक वस्तूवर एकेका लेखकाकडून छोटी काल्पनिक गोष्ट लिहून घेतली आणि वस्तू गोष्टीसकट ऑनलाइन लिलावात ठेवल्या. त्या ३,६०० डॉलरहून जास्त किमतीला गेल्या. गोष्ट काल्पनिक आहे हे लपवलं नव्हतं, लेखकाचं नाव शेजारीच होतं. तरीही वस्तूला काहीतरी चिकटलं. ते जे चिकटतं, तेच कथाकार आणि कॉपीरायटर दोघांचं काम.

पायरी १: एक माणूस निवडा आणि त्याला बघायला जा

‘६० वर्षांवरील श्रवणदोष असलेल्या व्यक्ती’ हा क्लायंटच्या ब्रीफमधला, म्हणजे कामाच्या सूचनापत्रातला, शब्दप्रयोग झाला. त्यावर मीटिंग होऊ शकते, लेखन होत नाही. लिहायला एक माणूस लागतो.

मी असा एक माणूस खूप जवळून बघितला आहे, एका घरगुती मेळाव्यात, मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यात बसलेला. कोपरा त्यांनी स्वतः निवडला होता, म्हणजे डाव्या बाजूला कुणी बसणार नाही. सगळे हसले की तेही हसत, पण अर्धा क्षण उशिरा. त्या अर्ध्या क्षणात त्यांची नजर सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एक फेरी मारून येई. एकदा बोलायला लागले की थांबत नसत. पाहुण्यांना वाटलं, गप्पिष्ट गृहस्थ आहेत. पण आपण बोलत असतो तेवढा वेळ आपल्याला ऐकावं लागत नाही. आणि निघताना त्यांच्या मुलीने विचारलं, “बाबा, आज निघायचं की उद्या?” ते म्हणाले, “हो.”

मी घरी येऊन हे सगळं लिहून ठेवलं. तुम्हीही लिहून ठेवा. घरी बसून कल्पना केली असती तर मला ‘टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात’ एवढंच सुचलं असतं. ते खरं आहे, पण ते प्रत्येकाला सुचतं.

इथेच दुसरा निर्णय घ्यायचा: जाहिरात वाचणार कोण? ते गृहस्थ की त्यांची मुलगी? दोघांसाठी एकच मजकूर चालवायला गेलात तर तो दोघांनाही लागू पडत नाही. रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो यांचा १९८१ चा एक प्रयोग इथे कामाचा आहे. पदवीआधी एक मोठी परीक्षा सक्तीची करावी, या प्रस्तावाच्या बाजूने विद्यार्थ्यांना युक्तिवाद ऐकवला. काहींना सांगितलं की परीक्षा पुढच्याच वर्षी येणार, काहींना सांगितलं की १० वर्षांनी. ज्यांच्या मानेवर ती लगेच बसणार होती त्यांनी मुद्दे तोलले, पोकळ मुद्दे बाजूला टाकले. ज्यांना फरकच पडणार नव्हता त्यांच्यावर, बोलणारा तज्ज्ञ आहे का, याचाच प्रभाव जास्त पडला. म्हणजे ज्याचा जीव अडकलाय तो वाचतो, नीट वाचतो, लांबलचक मजकूरही वाचतो. ज्याला देणंघेणं नाही तो फक्त चेहरा, नाव, लोगो बघून पुढे जातो. ‘हल्ली कुणी वाचत नाही’ असं क्लायंट म्हणाले तर त्यांना विचारा, कोण वाचत नाही?

आपल्या बाबतीत जीव अडकलाय तो मुलीचा. वडील अजून मानायला तयार नाहीत. तेव्हा जाहिरात मुलीसाठी.

पायरी २: त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपा

माहितीपत्रकात ‘श्रवणयंत्र’ असतं. घरात ‘कानाचं मशीन’ असतं. घरातला शब्द घ्या.

हा फक्त सोप्या भाषेचा प्रश्न नाही. कमी ऐकू येणारा माणूस ‘मला ऐकू येत नाही’ असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, “मला ऐकू येतं, हल्लीचे लोकच पुटपुटतात.” या वाक्यात त्याची सगळी मानहानीची भीती आहे आणि सगळा स्वाभिमानही आहे. ‘तुम्हाला ऐकू येत नाही का?’ अशी हेडलाइन त्याच्यासमोर ठेवली तर तो मनातल्या मनात ‘मला येतं’ असं उत्तर देऊन पान उलटतो. ग्रीनवाल्ड यांचंच सूत्र, फक्त उलटं चाललेलं: तुम्ही त्याला विरोधी विचार स्वतः निर्माण करायला लावलात.

कथेतही संवाद असेच येतात. पात्राने आपली अवस्था सांगायची नसते. ती लपवायला तो काय बोलतो ते ऐकवायचं. एक वही ठेवा आणि त्यात फक्त लोकांची वाक्यं लिहा, तुमची मतं नकोत.

पायरी ३: एकच तपशील निवडा

या पायरीवर नव्या लेखकांना सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण चांगली सामग्री टाकून द्यावी लागते.

२००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना थोडे पैसे दिले आणि त्यांतून भूकग्रस्तांसाठी मदत मागितली. काहींना आफ्रिकेतल्या दुष्काळाची आकडेवारी दाखवली: लाखो लोक, एवढे टक्के पीक गेलं. काहींना मालीतल्या ७ वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं, नाव आणि फोटोसह. आकडेवारीला सरासरी १.१४ डॉलर मिळाले, त्या मुलीला २.३८. इथवर कुणालाही अंदाज येईल. पुढचा भाग मला अजूनही अस्वस्थ करतो. तिसऱ्या गटाला दोन्ही दाखवलं, मुलगी आणि आकडेवारी. खरं तर त्यांना जास्त द्यावंसं वाटायला हवं होतं. त्यांनी दिले १.४३ डॉलर. आकड्यांनी मुलीला पुसून टाकलं.

म्हणून माझ्या टिपणातून कोपऱ्यातली खुर्ची, उशिराचं हसू, न थांबता बोलणं, ‘आज की उद्या’ला आलेलं ‘हो’, हे सगळं एकाच जाहिरातीत घालायचं नाही. चारही तपशील खरे आहेत, चारही सुंदर आहेत. मी जाहिरातीसाठी एक निवडला, कथेसाठी दुसरा. उरलेले वहीत राहिले.

निवडायचा कसा? असा तपशील शोधा जो मोजता येतो, दिसतो किंवा ऐकू येतो, आणि ज्यातून मोठी गोष्ट आपोआप बाहेर पडते. जाहिरातलेखक डेव्हिड ओगिल्वी यांची १९५८ ची रोल्स-रॉइसची हेडलाइन जाहिरातीच्या जगात सगळ्यांना पाठ असते. ताशी ६० मैल वेगात या नव्या गाडीतला सगळ्यात मोठा आवाज तिच्या इलेक्ट्रिक घड्याळाचा असतो. ‘शांत’, ‘आलिशान’, ‘उत्कृष्ट अभियांत्रिकी’ यांपैकी एकही शब्द नाही. घड्याळाची टिकटिक ऐकवली आणि शांतता वाचकाने स्वतः ऐकली. नव्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ते निरीक्षण ओगिल्वी यांच्या कल्पनेतून आलेलं नव्हतं. मोटारींविषयीच्या एका नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचं होतं, आणि जाहिरातीतच तसं नमूद केलं होतं. त्यांनी बसून पुष्कळ वाचलं, म्हणून ते त्यांना सापडलं. चांगली ओळ बहुतेक वेळा सुचत नाही, सापडते.

पायरी ४: शेवटचं पाऊल वाचकासाठी ठेवा

ही लेखाची मुख्य पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक छोटी ॲनिमेशन फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडझाप करणारी चौकट. बस. आकार इकडेतिकडे सरकतात. काय दिसलं ते लिहा, असं प्रेक्षकांना सांगितलं. ३४ पैकी एक व्यक्ती सोडली तर सगळ्यांनी आकारांना जिवंत केलं. मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्रिकोण त्याला सोडवायला आलाय. कुणी त्यांना कथा सांगितली नव्हती. दोन हालचालींच्या मधली जागा भरल्याशिवाय माणसाला राहवत नाही.

ती जागा तुम्ही भरून टाकलीत तर वाचकाला करायला काही उरत नाही. आता आपली हेडलाइन घ्या. माझा पहिला मसुदा असा होता:

‘तुमच्या वडिलांची श्रवणशक्ती कमी झाली आहे का?’

हा प्रश्न डॉक्टरच्या फॉर्मवरचा आहे. दुसरा मसुदा:

‘बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि ते सांगतही नाहीत.’

बरा आहे. माणसं आली, नातं आलं, थोडी कळही आली. पण निदान अजून मीच करतेय. मुलीने फक्त मान डोलवायची. तिसरा:

“बाबा, आज निघायचं की उद्या?”
“हो.”

इथे ‘ऐकू येत नाही’ हे कुठेही म्हटलेलं नाही. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, क्षणभर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं. ते लक्षात येणं मुलीचं स्वतःचं आहे. त्यात तिला स्वतःच्या घरातली एखादी संध्याकाळही आठवली असेल, जी मला माहीत असायचं कारणच नाही.

जागा किती मोठी ठेवायची, याचा काटेकोर नियम मला सापडलेला नाही, पण एक चाचणी आहे. मसुदा अशा माणसाला द्या ज्याला विषय माहीत नाही. त्याला तीन-चार सेकंदांत उलगडलं तर जागा योग्य. लगेच कळलं तर ती फार लहान. ‘म्हणजे काय?’ असं विचारलं तर तुम्ही कोडं घातलंत, आणि जाहिरातीतलं कोडं सोडवायला कुणी थांबत नाही. कथेत ही जागा जरा मोठी चालते, कारण कथा हातात घेणारा वाचक थांबायच्या तयारीनेच आलेला असतो.

कथेचा परिच्छेद आता बघा. ‘ते फार एकाकी झाले होते’ याच्या जागी:

‘सगळे हसले की आबाही हसायचे, अर्धा क्षण उशिरा. त्या अर्ध्या क्षणात त्यांची नजर टेबलाभोवती एक फेरी मारून यायची. त्या दिवशी मात्र धाकटी नात हसली नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती.’

एकाकी हा शब्द नाही, बहिरेपणाचा उल्लेख नाही. पण नातीला कळलंय हे वाचकाला कळलं, आणि पुढे काय होतं ते त्याला हवंय.

गुंतलेल्या वाचकाबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये केला. एक गोष्ट वाचायला देऊन, तिच्यात जिथे खोटं, बनावट वाटेल तिथे खूण करायला सांगितलं. जे वाचक गोष्टीत जास्त बुडाले होते त्यांनी खुणा कमी केल्या, आणि त्यांची मतंही गोष्टीच्या दिशेने जास्त सरकलेली आढळली. ती गोष्ट खरी घडलेली की काल्पनिक, हे सांगण्या-न सांगण्याने फारसा फरक पडला नाही. बुडालेला वाचक पहारा खाली ठेवतो. हे वाचून आनंद होण्याआधी जबाबदारी वाटायला हवी.

पायरी ५: उणीव आपणच सांगा

१९६० मध्ये फोक्सवॅगनची एक जाहिरात अमेरिकेत छापून आली. गाडीचा साधा फोटो आणि खाली एकच शब्द: ‘लेमन’. तिथल्या बोलीत सदोष, डोकेदुखी ठरणाऱ्या गाडीला लेमन म्हणतात. स्वतःच्याच गाडीला असं का म्हणतायत, म्हणून वाचक खालचा मजकूर वाचू लागे. तिथे लिहिलेलं, की या गाडीच्या आतल्या कप्प्यावरची क्रोमची पट्टी डागाळली होती म्हणून तपासनिसाने ती बाजूला काढली. एक छोटा डाग कबूल केला आणि कारखान्यातली सगळी तपासणी विश्वासार्ह झाली. दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, एव्हिस या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने ‘आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त कष्ट घेतो’ असं सांगितलं. दोन्ही जाहिराती एकाच एजन्सीच्या, डॉइल डेन बर्नबाकच्या.

कबुली खरी असायला हवी आणि नेमकीही. ‘आमचा एकच दोष, आम्ही फार परिपूर्ण आहोत’ असल्या कबुलीने उरलेला विश्वासही जातो. कानाच्या मशीनची खरी उणीव ही आहे, की पहिले काही आठवडे नळाचं पाणी, पावलं, कागदाची सळसळ सगळं फार मोठं वाटतं. स्वतःचा आवाजही परका वाटतो. सवय व्हायला वेळ लागतो. हे आधी सांगितलं नाही तर मशीन चौथ्या दिवशी कपाटात जाऊन पडतं. सांगितलं तर चौथ्या दिवशी माणूस म्हणतो, हे त्यांनी सांगितलंच होतं.

पायरी ६: युक्त्या, आणि त्या कुठे उलटतात

रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मध्ये पटवण्याची सहा सूत्रं मांडली आणि जाहिरात शिकणारा प्रत्येकजण आज ती पाठ करतो. दिलेल्याची परतफेड, शब्दाला जागणं, इतरांचं बघून करणं, आवडत्या माणसाचं ऐकणं, अधिकाराला मान, दुर्मिळतेची ओढ. पाठ जरूर करा. सगळ्यांवर लिहीत बसत नाही, दोनच घेते.

इतरांचं बघून करणं. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दोन तऱ्हेच्या पाट्या लावून बघितल्या. एका पाटीचा आशय असा, की आजवर कितीतरी पर्यटकांनी लाकूड नेल्याने उद्यानाचं रूप बदललं आहे. दुसरी सरळ म्हणत होती, कृपया लाकूड नेऊ नका. पहिल्या पाटीपाशी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के गेले, दुसरीपाशी २ टक्क्यांहून कमी. ‘कितीतरी लोक नेतात’ यातून वाचकाने घेतलं ते एवढंच, की सगळेच नेतात. कानाच्या मशीनच्या किती जाहिराती ‘असंख्य लोक या त्रासाकडे दुर्लक्ष करतात’ अशा सुरू होतात! म्हणजे दुर्लक्ष करणंच रीतसर आहे, असं आपण सांगून टाकतो.

दुर्मिळता. इथे मला माझीच गोष्ट सांगायची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका क्लायंटसाठी मी लिहिलं, ‘सवलतीचे शेवटचे दोनच दिवस’. मुदत अशी कुठली नव्हती, सवलत पुढेही चालूच राहणार होती, आणि मला ते माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. पगार तीन दिवसांनी होतो, तोवर सवलत चालू ठेवता येईल का, असं त्या विचारत होत्या. आवाजात अजिजी होती. त्या अजिजीचं कारण मी टाइप केलेली एक ओळ होती. मुदत खरी असेल तर सांगणं हे वाचकावर उपकार आहेत. खोटी असेल तर ती चोरी आहे, आणि ती ज्याच्या खिशात आधीच कमी आहे त्याच्याकडून होते. त्यानंतर तारीख लिहिण्याआधी मी क्लायंटकडून ती लेखी मागते.

आणखी एक प्रयोग, शब्दांच्या मांडणीबद्दल. एमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन यांनी १९८१ मध्ये लोकांपुढे एक पेच ठेवला. साथीत ६०० लोक दगावू शकतात, दोन योजना आहेत, एक निश्चित परिणामाची आणि एक जोखमीची. निश्चित योजनेत ‘२०० लोक वाचतील’ असं म्हटलं तेव्हा ७२ टक्के लोकांनी ती निवडली. तीच योजना ‘४०० लोक मरतील’ अशी मांडली तर २२ टक्क्यांनी. गणित तेच. म्हणून प्रत्येक मसुदा एकदा मिळण्याच्या बाजूने आणि एकदा निसटण्याच्या बाजूने लिहून बघा. कथेत हेच काम निवेदक करतो: तीच संध्याकाळ आबांच्या खुर्चीतून वेगळी असते आणि नातीच्या खुर्चीतून वेगळी. निसटण्याची बाजू जास्त टोचते, पण भीतीचा डोस वाढवला की वाचक तोंड फिरवतो. आजारांच्या जाहिरातीत मी ती हात राखून वापरते.

पायरी ७: दार उघडं ठेवा

निकोला गेगाँ आणि अलेक्झांद्र पास्क्वाल यांनी फ्रान्समध्ये केलेला, २००० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग छोटासाच आहे. रस्त्यावर अनोळखी माणसाकडे बसच्या तिकिटासाठी सुटे पैसे मागायचे. नुसते मागितले तेव्हा १० टक्के लोकांनी दिले. त्यालाच ‘पण द्यायचे की नाही, तुमच्या मनावर आहे’ एवढं जोडलं तर ४७.५ टक्क्यांनी. पैसे न देण्याचा हक्क त्यांना आधीही होताच. तो उच्चारून दाखवला, आणि ब्रेम यांनी सांगितलेला हट्ट मोकळा झाला.

जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत नवे लेखक सगळ्यात जास्त ढकलतात: आजच, आत्ताच, त्वरा करा. उलट करून बघा. मुलीसाठीची आपली जाहिरात आता अशी झाली:

“बाबा, आज निघायचं की उद्या?”
“हो.”
असं उत्तर तुमच्याही घरी आलं असेल, तर एकदा कान तपासून घ्या. मशीन लागेलच असं नाही. लागलंच, तर पहिले काही आठवडे नळाचं पाणीही मोठं वाटेल. कानाला सवय व्हायला वेळ लागतो. घ्यायचं की नाही, ते बाबांना ठरवू द्या. फक्त प्रश्न त्यांना नीट ऐकू जाईल असा विचारा.

पायरी ८: छापण्याआधी

एक प्रश्न स्वतःला विचारा: मी काय केलंय हे वाचकाला उघड सांगितलं, तरी त्याला ते चालेल का? ‘मी तुम्हाला तुमचा एक प्रसंग आठवू दिला’ हे मी त्या मुलीला सांगू शकते. ‘मी खोटी तारीख टाकली’ हे नाही सांगू शकत. छुप्या प्रभावाची भुरळ या धंद्यात जुनी आहे. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी याने दावा केला, की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्याला न जाणवणारे संदेश क्षणभर चमकवून त्याने पॉपकॉर्नची विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली. पाच वर्षांनी त्याने स्वतःच मान्य केलं, की त्याच्याकडे सांगण्यासारखा पुरावा नव्हता. तेव्हा जादूच्या मागे लागू नका. वाचकाला दिसेल असंच लिहा.

मग मसुदा एक रात्र बाजूला ठेवा. सकाळी मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा, जिथे विशेषणं ओळीने उभी आहेत तिथे त्यांतलं एकही नाही असं वाचून बघा. शेवटचं वाक्य झाकून बघा, बहुतेक वेळा त्याच्या आधीच्याच वाक्याशी मजकूर संपलेला असतो.

आणि मग तो, पहिल्या पायरीवर जिला डोळ्यांसमोर ठेवलं होतं, तशा एखाद्या मुलीला द्या. वाचून दाखवू नका, कागद तिच्या हातात द्या. समजावून सांगू नका, ‘कसं वाटलं’ विचारू नका. तिने कागद खाली ठेवून तुमच्याकडे बघितलं आणि ‘छान लिहिलंय’ म्हटलं, तर पुन्हा लिहायला बसा. तिने मान वर केली आणि तुमच्याकडे न बघता आतल्या खोलीकडे बघितलं, जिथे बाबा बसलेत, तर मसुदा पाठवून द्या.